लठ्ठपणा आणि मराठी विनोद : 'उपास' ते 'वजनदार'

मराठी विनोदात लठ्ठ देह हे हुकमी हास्यस्थान राहिले आहे. त्या देहाच्या वेदनेची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. या दृष्टीने पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील 'उपास' हे प्रकरण पुन्हा वाचण्याजोगे आहे. निवेदक वजन घटविण्याचा संकल्प करतो आणि सारी चाळ त्याची सल्लागार होते. विनोदाचा रोख येथे देहापेक्षा फुकटच्या सल्ल्यांवर आणि डळमळीत निग्रहावर आहे, हे या लेखनाचे सामर्थ्य होय. तथापि वजन हा केवळ निग्रहाचा प्रश्न आहे, हे गृहीतक त्यात अबाधित राहते.

सचिन कुंडलकर दिग्दर्शित 'वजनदार' (२०१६) या चित्रपटात वजन घटविण्यासाठी धडपडणाऱ्या दोन मैत्रिणी आहेत. चाळीतल्या पुरुषाला परवडणारा विनोद स्त्रीला परवडत नाही. तिचे वजन विवाह आणि सासर यांच्या तराजूत तोलले जाते, हे त्यातून स्पष्ट होते.

आज लठ्ठपणा ही आनुवंशिकता, संप्रेरके, आहार व ताण यांतून घडणारी दीर्घकालीन व्याधी मानली जाते. मधुमेह, उच्च रक्तदाब यांबरोबरच नैराश्यही तिच्याशी निगडित आहे आणि हेटाळणीने ते बळावते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिवजनाचे वा लठ्ठ आढळले. वर्गातही असा वाचक असतो. म्हणूनच 'उपास' शिकविताना हसू सल्ल्याचे की देहाचे, हा भेद अध्यापकाने उलगडून दाखविणे अगत्याचे ठरते.