पायाच्या स्नायूंचे विद्युतलेखन आणि भातखाचर : एक चिकित्सा

इलेक्ट्रोमायोग्राफी स्नायूंतील विद्युतसंकेत टिपते. स्नायूचे बळ ती थेट मोजत नाही. तरीही आलेखाची उंची म्हणजेच श्रम, असा अर्थ सर्रास लावला जातो. साधनाच्या सोपेपणातच दुरुपयोगाचा धोका आहे, असा इशारा कार्लो डी लुका यांनी १९९७ मध्येच दिला होता.

पौड परिसरातील भातलावणीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. लावणी करणारी स्त्री कमरेत वाकून मागे सरकते आणि प्रत्येक पावलाला पाय चिखलातून उपसते. ट्रेडमिलवरील चालीचे निष्कर्ष तिला लागू करणे केवळ सोयीचे आहे. पाऊस व घाम यांमुळे इलेक्ट्रोड सुटतात, नडगीवर शेजारच्या स्नायूंचे संकेतही मिसळतात. पण या अडचणी तांत्रिक होत. खरी उणीव तुलनेच्या मापात आहे. संकेत सामान्यतः कमाल ऐच्छिक आकुंचनाच्या टक्केवारीत मांडतात. आठवडाभर राबलेली स्त्री चाचणीत पूर्ण जोर लावूच शकली नाही, तर छेद लहान होतो आणि टक्केवारी फुगते. मग दोन स्त्रियांच्या श्रमांची तुलना कशी करावयाची?

शिवाय शांत आलेख म्हणजे विश्रांती नव्हे. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू जवळजवळ निःशब्द होतात व भार अस्थिबंधांवर जातो, हे फ्लॉइड व सिल्व्हर यांनी १९५५ मध्ये दाखविले. म्हणून केवळ पोटरी-मांडीच्या आलेखावरून लावणीला ‘हलके काम’ ठरविणे असमर्थनीय आहे. निदान लावणीपूर्वी व लावणीनंतर, त्याच स्थिर स्थितीत मोजणी व्हावी. थकलेल्या स्नायूच्या संकेताची मध्यक वारंवारता तेथे उतरलेली दिसते.