पोर्ट्रेट मोडमध्ये हरवलेला बैल

ऑक्टोबर संपता संपता नागपुरातल्या सोसायट्यांमधून चेटकिणीच्या टोप्या घातलेल्या मुलांचे फोटो येऊ लागतात. ‘हे आपलं नाही’ म्हणत नाक मुरडणं सोपं आहे. पण दोनेक महिने आधी काढलेले तान्ह्या पोळ्याचे फोटो त्यांच्याशेजारी ठेवून पाहा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली पोरं नटूनथटून, लाकडी बैल घेऊन दारोदार जातात, बोजारा मागतात. सोंग, दार, खाऊ: हॅलोविनचा ऐवज आपल्याकडे आहेच. फोटोत मात्र उरतात फक्त कपडे. आईबाबा पोर्ट्रेट मोड लावतात; मूल लख्ख, मागचं सगळं धूसर. बैल फ्रेमच्या कडेला अर्धा कापलेला. दार पुसट. बटव्यात दहाची नोट शोधणाऱ्या शेजारच्या आजी तर दिसतच नाहीत. दोन्ही सणांचे अल्बम सारखेच दिसतात, कारण दोन्हींत मूल सजलंय. कुणाकडे गेलेलं नाही.

त्याच दिवशी निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींचे हौशी फोटो बघा. इतवारीच्या गर्दीत मागचं पुसायला सवडच नसते. धक्के खात काढलेल्या, हललेल्या फोटोतही गच्च्या, हात, चेहरे, म्हणजे अख्खं शहर येतं. म्हणून ते पुन्हा पाहावेसे वाटतात.

तेव्हा सण कुठलाही असो, दोन पावलं मागे सरका. बोजारा देणारा हात फ्रेममध्ये येऊ द्या. मुलाचे कपडे पुढच्या वर्षी आखूड होतील. दार उघडणारं माणूस कदाचित त्या दारात नसेल.