भंगाराची साक्ष

शिल्प कशास म्हणावे, हा प्रश्न एकदा न्यायासनापुढे गेला होता. इ. स. १९२६ मध्ये कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ हे ब्राँझचे शिल्प न्यूयॉर्क बंदरात उतरले. कलाकृतींवर तेथे जकात नव्हती. परंतु ज्यास चोच नाही, पंख नाहीत, त्यास पक्षी कसे म्हणावे, या शंकेने जकात अधिकाऱ्यांनी त्याची गणना स्वयंपाकघरातील व रुग्णालयातील उपकरणांत केली आणि ४० टक्के कर आकारला. १९२८ साली न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निर्णय दिला. निसर्गातील वस्तूशी साम्य नसले तरी शिल्प हे शिल्प असू शकते, ही गोष्ट त्या निकालाने मान्य केली.

आम्हां वकीलवर्गास हा निकाल प्रिय आहे. तथापि ज्या कलेविषयी येथे लिहावयाचे आहे, तिच्यासाठी तो पुरेसा नाही. मोडके यंत्र, गंजलेली साखळी, बैलगाडीच्या चाकाची धाव, झिजलेला नांगराचा फाळ असे टाकून दिलेले जिन्नस जुळवून भंगारशिल्पे व मांडणशिल्पे आज जागोजाग उभी राहत आहेत. त्यांच्याबाबत ‘ही कला आहे काय?’ हा प्रश्न आता शिळा झाला. मार्सेल द्युशाँने १९१७ साली मुतारीचे भांडे ‘कारंजे’ या नावाने प्रदर्शनाकडे पाठविले, तेव्हापासून तो चघळला जात आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. ब्रांकुशीचे ब्राँझ साच्यात ओतले जाण्यापूर्वी निव्वळ धातू होते. फाळ मात्र कोणाच्या तरी शेतात चाललेला असतो. शिल्पात येताना त्याच्या पूर्वायुष्याचे काय होते?

न्यायालयात मुद्देमाल म्हणून एखादी कुऱ्हाड येते. तिला चिठ्ठी बांधलेली असते: कोठे सापडली, कोणाकडून हस्तगत झाली, कोणत्या दिवशी, कोणत्या पंचांसमक्ष. ती चिठ्ठी गळून पडली, तर कुऱ्हाड तीच राहते, पण तिची साक्ष संपते. भंगारशिल्पाची परीक्षा आम्ही याच कसोटीवर करू इच्छितो. प्रत्येक कृतीखाली माहितीची पाटी लावावी असे आमचे म्हणणे नव्हे. ते काम संग्रहालयाचे. चिठ्ठी शिल्पाच्या रूपातच वाचता आली पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे.

पिकासोने १९४२ साली सायकलची बैठक व हँडल एकत्र जोडून बैलाचे मुंडके सिद्ध केले. त्यातील खरी मौज ही की, बैल दिसत असतानाच सायकलही दिसत राहते. एक रूप दुसऱ्यास गिळीत नाही. याउलट दिल्लीस सराय काले खाँ येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये खुल्या झालेल्या उद्यानाकडे पाहावे. सुमारे १५० टन भंगारातून तेथे जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारल्या आहेत. वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांचे कसब निर्विवाद आहे, व टाकाऊ लोखंड कामी आले हेही चांगलेच. परंतु मोटारींचे सुटे भाग व जुने नळ तेथे ताजमहाल होण्याच्या खटपटीत आपण पूर्वी कोण होतो हे पार विसरून गेले आहेत. प्रेक्षक ‘अगदी हुबेहूब!’ असे उद्गार काढतो आणि पुढे जातो. साम्याच्या ज्या बंधनातून १९२८ च्या निकालाने शिल्पकारास मोकळे केले, ते येथे आपण होऊन गळ्यात घालून घेतले आहे.

नेकचंद यांचे चंडीगडचे शिल्पोद्यान या दोहोंहून वेगळे पडते. सार्वजनिक बांधकाम खात्यातील हा रस्ते निरीक्षक १९५८ च्या सुमारास मोडतोडीचे सामान गोळा करू लागला. नवे शहर वसविण्यासाठी जी खेडी उठविली गेली, त्यांच्या घरांचे अवशेषही त्यात होते. सरकारी जागेवर, कोणाच्या परवानगीवाचून, बरीच वर्षे हे काम चालले. १९७५ साली अधिकाऱ्यांस त्याचा पत्ता लागला. कायद्याच्या भाषेत याला अतिक्रमण म्हणतात, आणि ते पाडून टाकण्याचा अधिकार शासनास होता. शासनाने तसे केले नाही. १९७६ मध्ये उद्यान लोकांस खुले झाले. फुटक्या बांगड्यांनी मढविलेल्या तेथील आकृतींत बांगडी ही बांगडीच राहिली आहे. ज्यांस नव्या नगराने उठविले, त्यांच्या घरातील काही तरी त्या नगरात मागे उरले, आणि तेही एका अतिक्रमणामुळे. कायद्याच्या अभ्यासकाने यावर विचार करावा.

येथे एक आक्षेप येईल की, प्रत्येक टाकाऊ वस्तूस असे पूर्वचरित्र असतेच कोठे? आक्षेप रास्त आहे. गोव्यातील पिळर्ण येथे २०१५ साली ‘म्यूझियम ऑफ गोवा’ उभारणारे सुबोध केरकर यांनी २०१७ च्या अखेरीस साळगाव येथे सुमारे दीड लाख टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्यांचे एक विस्तीर्ण मांडणशिल्प सजविले. बाटली घोटभर पाण्यापुरती हातात येते आणि फेकली जाते; ती कोणाचीच नसते. तिच्या बाबतीत संख्या हीच साक्ष होय, व ती त्या कृतीत पुरेपूर आहे. परंतु बाटलीस जो न्याय, तोच पहारीस लावता येणार नाही. वीस वर्षे एकाच मुठीत राहिलेली पहार त्या मुठीच्या जागी गुळगुळीत झालेली असते. त्या जागेवर रंग फासणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

हा भेद आमच्या मुलखात विशेष महत्त्वाचा ठरतो. तिरोडी हे मँगनीजचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे खाण चालली आहे. तुमसरहून रेल्वेचा फाटा येथवर आला आहे. खाणी चालविणाऱ्या इंग्रज कंपनीची मालमत्ता १९६२ साली नव्या भारतीय कंपनीकडे आली. या गावाच्या नावाने एक खनिजही ओळखले जात असे: १९३८ साली त्यास ‘तिरोडाइट’ हे नाव मिळाले. १९९७ च्या शास्त्रीय नामकरणात ते नाव वगळून रासायनिक घटकांस अनुसरून दुसरे योजण्यात आले. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण दगडावरची गावाची चिठ्ठी गळाली ती गळालीच.

खाणीच्या मुलखातून आलेला कलावंत काय करू शकतो, याचे उदाहरण दूरचे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती येथे १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते हे कोळशाच्या खाणीत राबलेल्या घराण्यातले. खैरागड येथे ते शिल्पकला शिकले. २०१२ मध्ये मुंबईत त्यांचे खाणकामगारांच्या जीवनावरील प्रदर्शन झाले, आणि २०२१ मध्ये कार्डिफच्या आर्टेस मुंडी पारितोषिकाच्या सहा मानकऱ्यांत ते होते. ते मुख्यतः भंगार जोडणारे नव्हेत; भिंतीवर कोळशाने रेखाटणारे आहेत. परंतु त्यांच्या आकृतींत माणसाच्या धडावर मस्तकाच्या ठिकाणी अवजार वा यंत्र येते, तेव्हा ते कोणी वापरले हे विचारावे लागत नाही. वस्तू आणि राबणारा यांची ताटातूट तेथे झालेलीच नाही.

आज कारखान्यांच्या व खाणींच्या दाराशी जुनी यंत्रे लाल-पिवळ्या रंगाने रंगवून ठेवण्याची चाल पडली आहे. चौकाचौकांत पत्र्याचे मोर व सिंहही उभे राहत आहेत. तिरोडीसही उद्या असे काही उभे राहील. ते सुंदर असावे, हे तर खरेच. पण जो इसम ते अवजार हाती धरून म्हातारा झाला, त्यास त्यात ते ओळखू यावे, ही अट आम्ही सौंदर्याइतकीच मोलाची मानतो. भंगार वजनावर विकले जाते, आणि चिठ्ठी गळते ती नेमकी वजनकाट्यावर. तेव्हा शिल्पकाराने भंगारवाल्याच्या दुकानी जाण्याआधी खाणकामगाराच्या व शेतकऱ्याच्या दारी जावे. वस्तू मागावी, आणि ती कोणी, किती वर्षे, कशासाठी वापरली हे बसून ऐकावे. जोडणीचे काम त्यानंतरचे.