‘क्लास ए’ म्हणजे नेमकं कशापासून सुरक्षित?

एका सेमिनारमध्ये माझ्या स्लाइडवर वाक्य होतं : ‘क्लास ए कंपोस्ट, म्हणजे सुरक्षित.’ मागच्या बाकावरून एका ज्युनिअरने विचारलं, “कशापासून सुरक्षित?” मला उत्तर देता आलं नाही. म्हणून त्या रात्री मूळ नियम वाचायला घेतला. तुम्हीही वाचा, कारण नियम कसा वाचायचा हे कोर्सवर्कमध्ये कुणी शिकवत नाही.

नियम अमेरिकेच्या ईपीएचा, ‘पार्ट ५०३’, साल १९९३. महापालिकेच्या सांडपाण्याचा गाळ लाकडाच्या तुकड्यांत मिसळून लांब ढिगांत कुजवायचा असेल, तर तापमान ५५ अंश सेल्सिअस किंवा जास्त, किमान १५ दिवस, आणि त्या काळात ढीग किमान ५ वेळा उलटवायचा. बंद पात्रात किंवा खालून हवा सोडलेल्या स्थिर ढिगात ३ दिवस पुरतात.

हा भाग मला खरंच आवडतो. ५ वेळा का? तर ढिगाचं पोट तापतं, कडा गारच राहतात. उलटवलं की कडेचा गाळ आत जातो. स्थिर ढीग उलटवत नाहीत, म्हणून त्यावर तयार कंपोस्टचं पांघरूण घालतात. शिवाय फक्त तापमानावर भिस्त नाही : दर ग्रॅम कोरड्या मालात विष्ठाजन्य कोलिफॉर्म १००० एमपीएनपेक्षा कमी हवेत, किंवा साल्मोनेला दर ४ ग्रॅममागे ३ पेक्षा कमी. प्रक्रिया आणि परिणाम, दोन्ही तपासले जातात.

आता दुबळी बाजू बघा. उष्णता जंतू मारते, शिसं किंवा कॅडमियम नाही. उलट सेंद्रिय भाग कुजून वजन घटलं की उरलेल्या मालात धातूंचं प्रमाण वाढू शकतं. त्यासाठी नियमात वेगळ्या मर्यादा आहेत, पण यादी फक्त ९ प्रदूषकांची. पीफास रसायनं त्यात नाहीत, आणि कंपोस्टिंगने ती नष्टही होत नाहीत. २०१८ मध्ये ईपीएच्याच महानिरीक्षकांच्या अहवालाने सांगितलं की बायोसॉलिड्समध्ये सापडलेल्या ३५२ प्रदूषकांच्या सुरक्षिततेबद्दल संस्था ठामपणे काही सांगू शकत नाही. २०२२ मध्ये मेन राज्याने असा गाळ आणि त्यापासूनचं कंपोस्ट शेतात टाकण्यावर बंदीच घातली.

मग नियम चुकीचा का? जंतूंपुरता नाही. चूक आपल्या वाचनात आहे : ‘ए’ हा दर्जा रोगजंतूंचा, आणि आपण तो अख्ख्या मालाला चिकटवतो. शेतकऱ्याला खत देताना हा फरक कागदावरचा राहत नाही, तो मातीत उतरतो.

तुमच्या विषयातला एखादा पेपर घ्या. ‘सुरक्षित’, ‘प्रभावी’ असे शब्द दिसले की बाजूला दोन रकाने करा : काय मोजलं, काय मोजलंच नाही. दुसरा रकाना बऱ्याचदा तुमच्या प्रस्तावाची सुरुवात असतो.

माझ्या स्लाइडवर आता लिहिलंय : ‘रोगजंतूंच्या निकषावर उत्तीर्ण.’ वाक्य जरा फिकं वाटतं खरं, पण मागच्या बाकावरच्या प्रश्नाला पुरतं.