पाठलागावरचा स्वार

युरोपातील कुलचिन्हांच्या शास्त्रात, म्हणजे हेरल्ड्रीत, घोडेस्वार पुष्कळ आहेत. पण लिथुआनियाच्या राजचिन्हावरील ‘व्हिटिस’ मला त्या सर्वांहून वेगळा वाटतो. लाल पार्श्वभूमीवर चौखूर उधळलेला पांढरा घोडा, त्यावर चिलखतधारी स्वार, उजव्या हाती डोक्यावर उगारलेली तलवार, डाव्या बाजूस निळी ढाल आणि तिच्यावर सोनेरी दुहेरी क्रूस.

शौर्याचे प्रतीक म्हटले की असे चित्र वाचून झाले, असे आपण समजतो. हे वाचन मला अपुरे वाटते. मॉस्कोच्या चिन्हावरील संत जॉर्ज शेजारी ठेवून पाहावा. त्याच्या भाल्याखाली ड्रॅगन आहे. शत्रू कोण, याचा निकाल चित्रातच लागलेला आहे. व्हिटिससमोर मात्र कोणीच नाही. त्याला पोलिश भाषेत ‘पोगोन्य’ आणि बेलारूसीत ‘पहोन्या’ म्हणतात. अर्थ एकच, पाठलाग. ज्याचा पाठलाग चालला आहे, तो चौकटीबाहेर राहिला आहे. ही मोकळी जागाच या प्रतीकाचे खरे बळ होय, असे माझे मत आहे.

चौदाव्या शतकात हा स्वार लिथुआनियाच्या ग्रँड ड्यूकांच्या मुद्रांवर आला, तेव्हा तो स्वतः राज्यकर्ताच होता. पुढे व्यक्ती पुसट झाली आणि तो राज्याचे चिन्ह ठरला. 1795 साली ते राज्य नकाशावरून पुसले गेले. तरी जिंकणाऱ्या रशियन साम्राज्याने हाच स्वार विल्ना प्रांताच्या चिन्हावर मिरवला. पाठलाग करणारा दरबारी शोभेची वस्तू झाला! 1918 नंतर स्वतंत्र लिथुआनियाने त्याला परत घेतले, सोव्हिएत राजवटीने हटवले आणि 11 मार्च 1990 रोजी तो पुन्हा आला.

शेजारच्या बेलारूसमध्ये गोष्ट वेगळी घडली. त्या ग्रँड डचीचा वारसा त्या देशाचाही आहे. तेथे 1991 मध्ये हाच स्वार राजचिन्ह झाला. 1995 च्या सार्वमतानंतर सोव्हिएत धाटणीचे चिन्ह परतले. 2020 च्या निदर्शनांत पांढऱ्या-लाल-पांढऱ्या झेंड्यांसोबत तो रस्त्यावर दिसला. एकाच स्वाराला सीमेच्या एका बाजूस सरकारी मान आहे, तर दुसऱ्या बाजूस तो सरकारविरोधाची खूण आहे.

मोकळ्या जागेचा धोकाही येथेच आहे. तिथे कोणाला उभे करायचे, हे ढाल सांगत नाही. ते ढाल हाती असणारे ठरवतात. म्हणून अशा चिन्हासमोर मी आधी विचारतो: तलवार कोणावर उगारली आहे, आणि हे ठरवले कोणी?