'प्रसन्न' : अर्थ आणि उपयोजन

मराठी समीक्षेत 'प्रसन्न' हे विशेषण बहुधा 'आनंदी', 'हलकेफुलके' याच अर्थाने योजिले जाते. ललित निबंध प्रसन्न ठरतो. शोकात्म कादंबरीच्या वाट्याला हा शब्द सहसा येत नाही. 'प्र + सद्' या व्युत्पत्तीत मात्र हर्ष नाही, खाली बसणे आहे : गाळ बसून पाणी नितळ होणे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात अगस्त्याच्या उदयाने पाणी प्रसन्न होते, ते याच अर्थाने. भिवपुरीसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावी आषाढात गढूळलेला ओढा आश्विनात तळ दाखवू लागतो. मराठी त्याला 'निवळणे' म्हणते आणि हेच क्रियापद आभाळालाही लावते. गढूळ पाणी ज्या बियांनी स्वच्छ करीत, त्यांचे नावच निवळी. प्रसन्नतेला असा पूर्वीचा गढूळपणा गृहीत आहे; 'आनंदी'ला तो नाही.

मम्मटाने प्रसादगुण स्वच्छ पाण्याप्रमाणे चित्त तत्काळ व्यापणारा मानला आणि, हे विशेष, त्याला सर्व रसांत स्थान दिले. करुणाची रचनाही त्यामुळे प्रसन्न असू शकते. ज्ञानेश्वरीच्या (शके 1212) अखेरीचा 'पसाय' हे 'प्रसादा'चेच प्राकृत रूप. तेथे अर्थ कृपेकडे सरकला आहे, जसा लग्नपत्रिकेवरील 'श्री गणेश प्रसन्न'मध्ये. (तेथे हसरा गणपती कोणालाच अभिप्रेत नसतो!) समीक्षेने कृपाही सोडली आणि नितळपणाही. शोक निवळून आलेल्या लेखनासाठी ती मग 'संयत' वापरते. पण संयमात गाळ खाली बसलेला नसतो, केवळ दाबलेला असतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त दारिद्र्य, विरह आणि मृत्यू यांतून जे गद्य उतरते, त्याला 'विनोदी' म्हणणे अपुरे आहे आणि 'संयत' म्हणणे चुकीचे.