पिशाचाच्या प्रेयसीची वाढ

पिशाचांच्या प्रेमकथा म्हटल्या की आमच्या टीकाकारांच्या कपाळी आठी पडते. परंतु अमेरिकेत या कथाप्रकारास मोठा वाचकवर्ग लाभला आहे. आणि त्यातील नायिका वाढते की नुसती पालटते, हा प्रश्न वाङ्मयाचाच आहे.

स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ (२००५) पासून ‘ब्रेकिंग डॉन’ (२००८) पर्यंतच्या चार कादंबऱ्या घ्या. फोर्क्स नावाच्या पावसाळी गावी आलेली बेला एडवर्ड या रक्तपिपासू पिशाचावर अनुरक्त होते आणि आपणही त्याच्यासारखेच अमर व्हावे, हा ध्यास घेते. दुसऱ्या कादंबरीत तो तिला सोडून जातो, तेव्हा लेखिका केवळ महिन्यांची नावे छापून पाने कोरी ठेवते. चारी पुस्तकांत आम्हांस हीच जागा सर्वांत बोलकी वाटली. ती पाने बेलाने स्वतः भरावीत, अशी अपेक्षा उत्पन्न होते. पण भरावयास येतो जेकब! पुढे प्रसूतीच्या वेळी मरणोन्मुख झालेल्या बेलाला एडवर्ड आपल्या विषाने पिशाच करतो आणि बळ, सौंदर्य, डौल सारे एकदम तिच्या पदरी पडते. याला वाढ कशी म्हणावी? एक श्रेय मात्र द्यावयास हवे. तिच्या मनाभोवतीचे अभेद्य कवच मानवी अवस्थेतही होते. ते इतरांवर पसरण्याची विद्या ती अखेरीस कष्टाने साध्य करते.

बेला अबला आहे, या आक्षेपावर २०१५ साली लेखिकेने नायिकेच्या जागी नायक घालून तीच कथा पुन्हा लिहिली. पण आक्षेप खरा होता तो घडणीवर, स्त्रीत्वावर नव्हे.

नलोपाख्यान आमच्या वाचकांस अपरिचित नाही. चार देव नलाचे रूप घेऊन बसले असता दमयंतीने घाम, कोमेजलेली माळ, लवणारी पापणी पाहून मर्त्य नलच वरला. शार्लेन हॅरिस यांची सूकी आम्हांस याच कुळातली वाटते. २००१ ते २०१३ या काळातील तेरा कादंबऱ्यांची ही नायिका लुइझियानातील एका मद्यगृहात वाढपिणीचे काम करते. परक्यांचे विचार तिला ऐकू येतात आणि त्याचा तिला जाचच होतो; पिशाचाचे मन निःशब्द, म्हणून तर ती प्रथम त्याच्याकडे ओढली जाते! बाराव्या कादंबरीत एकदाच वापरता येणारे वरदान तिच्या हाती असते. पिशाच प्रियकर एरिक ते आपल्यासाठी वापरले जाईल, या आशेवर असतो. ती मात्र त्या वरदानाने मृत पावलेल्या सॅमला, मद्यगृहाच्या मालकाला, जिवंत करते. एरिक दुरावतो. या मालिकेत प्रसंगांची गर्दी आहे, भाषेचा सैलपणाही आहे. तिच्या शेवटावर पुष्कळ वाचक रुसले. आम्ही त्यांत नाही.